पाण्याच्या बारीक धारेची इन्फ्रारेड लेझरने क्षणात वाफ कशी करायची

एमएस्सी फिजिक्सवाले, इंजिनिअरिंगचे प्रोजेक्टवाले बरेच जण विचारतात की पाण्याच्या बारीक धारेवर लेझर मारला की ती जागच्या जागी वाफ होऊन उडते असं व्हिडिओत दिसतं, मग आपल्या लॅबमध्ये ते करायला किती वॅटचा लेझर लागेल. वॅटपासून सुरुवात केली की पुढचं सगळंच चुकत जातं. इथे ताकदीपेक्षा जुळणी महत्त्वाची आहे, तीन गोष्टींची: लाइट पाण्यात किती आत जातो, धार किती जाड आहे, आणि पल्स किती वेळ चालतो. हे तीन आकडे एकमेकांशी जुळले तर एका पल्सला तीस मायक्रोज्यूल एवढी चिमूटभर एनर्जी पुरते, आणि जुळले नाहीत तर शंभर वॅट ओतूनही धार नुसती कोमट होऊन खाली पडते.

आधीच एक सांगतो, हे घरी करायचं काम नाही. लेझर क्लास ४ चा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातला असतो आणि बीम डोळ्याला दिसतच नाही. कॉलेजची किंवा संस्थेची लेझर लॅब, दाराला इंटरलॉक, आणि लेझर सेफ्टी बघणारा माणूस हजर, असं असेल तरच करा. पण हिशोब मात्र कुणीही घरी वहीवर करू शकतो आणि खरी मजा त्यातच आहे, म्हणून आधी हिशोब.

वेव्हलेंथ कशी निवडायची

पाणी डोळ्याला पारदर्शक दिसतं म्हणून सगळ्याच लाइटला पारदर्शक असतं असं नाही. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बाँड ताणला जाऊन कंप पावतो, आणि त्या कंपनाशी जुळणारा इन्फ्रारेड लाइट पाणी अक्षरशः गिळून टाकतं. हा जोर सगळ्यात जास्त असतो तो २.९४ मायक्रॉनच्या आसपास, आणि अर्बियम-याग लेझर नेमका तिथेच चालतो, म्हणून तर दाताच्या आणि स्किनच्या डॉक्टरांकडे तो दिसतो. तिथे लाइट पाण्यात जेमतेम १ मायक्रॉन आत जातो आणि संपतो. याउलट नेहमीचा एनडी-याग, १.०६ मायक्रॉनवाला, पाण्यात काही सेंटीमीटर आरपार जातो, त्यामुळे बारीक धारेला तो जवळजवळ दिसतच नाही. मधले आकडे असे: १.९४ मायक्रॉनला साधारण ८० मायक्रॉन खोली, २.१ ला (मूतखडे फोडायला वापरतात तो होल्मियम लेझर) अंदाजे ०.४ मिलिमीटर, २.८ ला २ मायक्रॉन, २.७ ला ११ मायक्रॉन आणि सीओटू लेझरच्या १०.६ ला १२-१३ मायक्रॉन.

आता बहुतेक जण म्हणतात की मग २.९४ घेऊ, तिथेच तर सगळ्यात जास्त शोषण आहे. थांबा. समजा तुमची धार १५ मायक्रॉन जाड आहे, म्हणजे केसाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. २.९४ ला सगळी एनर्जी पुढच्या दोन-तीन मायक्रॉनच्या सालीत जमा होते, ती साल प्रचंड तापून उडते, आणि मागचं सगळं पाणी फक्त धक्का खाऊन वाकतं, फाटतं, थेंब होऊन इकडेतिकडे जातं. १.९४ ला उलटं होतं, १५ मायक्रॉनमध्ये जेमतेम १७ टक्के लाइट शोषला जातो आणि बाकीचा पलीकडून निघून जातो. २.७ ला मात्र पाऊण भाग, म्हणजे ७४ टक्क्यांच्या आसपास, धारेतच राहतो आणि पुढून मागपर्यंत बऱ्यापैकी पसरून राहतो. म्हणून पूर्ण धार एका दमात उडवायची असेल तर शोषणाची खोली ही धारेच्या जाडीएवढी किंवा थोडी कमी ठेवायची. शिखरावर बसायचं नाही, शिखराच्या उतारावर बसायचं. ट्यून होणारा ओपीओ (दुसऱ्या लेझरच्या बीमपासून हवी ती वेव्हलेंथ बनवून देणारं उपकरण) असेल तर २.७ ते २.८ च्या मध्ये हळूहळू सरकवून बघता येतं, आणि दोन टोकांना धार किती वेगळी वागते ते प्रत्येकाने एकदा तरी बघावंच.

यात अजून एक गंमत आहे. पाणी तापत गेलं की हायड्रोजन बाँड ढिले होतात आणि शोषणाचं शिखर छोट्या वेव्हलेंथकडे सरकतं. त्यामुळे २.९४ ला पल्स चालू असतानाच शोषण कमी होत जातं आणि लाइट आधीपेक्षा खोल शिरायला लागतो. थंड पाण्याचे टेबलमधले आकडे ही फक्त सुरुवात समजा, पल्सच्या शेवटी ते तसेच राहत नाहीत.

एनर्जीचा हिशोब

धार १५ मायक्रॉन, बीमचा ठिपका ३० मायक्रॉन. म्हणजे धारेचा ३० मायक्रॉन लांबीचा तुकडा उडवायचा आहे. त्याचं आकारमान निघतं साधारण ५.३ पिकोलिटर, वजन ५.३ नॅनोग्रॅम. २५ अंशांचं पाणी १०० पर्यंत न्यायला ग्रॅमला ३१४ ज्यूल, वर वाफ करायला २२५७ ज्यूल, एकूण साधारण २५७० ज्यूल प्रति ग्रॅम. गुणाकार केला की १४ मायक्रोज्यूल. बस्स, एवढंच. आता गोल ठिपक्यातला ६१ टक्के भागच धारेवर पडतो, बाकीचा दोन्ही बाजूंनी निसटतो, आणि पडलेल्यातला पाऊण भागच शोषला जातो, म्हणून प्रत्यक्षात ३० मायक्रोज्यूल धरा. टेबलवरचा ओपीओ मिलिज्यूलमध्ये एनर्जी देतो, म्हणजे गरजेच्या तीसपट, त्यामुळे पहिल्या दिवसापासून बीम कमी करणारा अटेन्युएटर लावूनच काम करायचं. जास्त मारलं तर धारेवर पांढरी ठिणगी दिसते, ती प्लाझ्माची असते, आणि मग तुम्ही पाण्याची वाफ न करता पाण्याचे रेणू आणि त्यात विरघळलेलं जे काही असेल ते मोडत बसता.

पण खरी गोष्ट अशी आहे की धार उडायला १४ सुद्धा लागत नाहीत. पाणी खूप पटकन तापवलं तर १०० ला उकळायला त्याला वेळच मिळत नाही, बुडबुडा धरायला जागा नसते, आणि ते द्रव रूपातच ३०० अंशांच्या आसपास जातं. त्या हद्दीपर्यंत गेलं की सगळीकडून एकदम बुडबुडे फुटतात आणि अख्खं पाणी स्फोटासारखं फुलतं. फोडणीच्या कडकडीत तेलात पाण्याचा थेंब पडला की तो असा फाटकन उडतो ना, त्यामागे हेच कारण आहे, तेलाखाली अडकलेलं पाणी १०० च्या बरंच वर जातं आणि मग एकदम सुटतं. ३०० अंशांपर्यंत न्यायला ग्रॅमला साधारण १२४० ज्यूल लागतात, म्हणजे पूर्ण वाफेच्या निम्मेच.

मग उरलेली निम्मी एनर्जी कुठून आली? कुठूनच नाही आली. ३०० अंशांचं पाणी एकदम मोकळं सुटलं की ढोबळ हिशोबाने त्यातलं ४१ टक्केच वाफ होतं, उरलेलं ५९ टक्के सूक्ष्म थेंबांच्या धुक्यात उडतं. फोटोत दोन्ही ढगच दिसतात, त्यामुळे "धार वाफ झाली" असं लिहिण्याआधी एनर्जी किती टाकली होती ते बघा. पाण्याच्या क्रिटिकल पॉइंटपर्यंत (जिथे द्रव आणि वाफ यांतला फरकच संपतो) नेलं, म्हणजे ३७४ अंश आणि २२० बारच्या आसपास, तर वाफेचा वाटा पाऊण होतो. पूर्ण वाफ हवी तर पूर्ण २५७० ज्यूल मोजावेच लागतात, निसर्ग तिथे सूट देत नाही.

पल्स किती लांब

माझ्या मते सगळ्या गाइडमधला हा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. चांगली मायक्रोजेट ५० मीटर प्रति सेकंदाने पळते, म्हणजे १ मायक्रोसेकंदात ५० मायक्रॉन. अर्बियम-यागचा साधा, क्यू-स्विच (साठवलेली एनर्जी एका झटक्यात सोडणारी सोय) नसलेला पल्स २५० मायक्रोसेकंदाचा असेल तर तेवढ्यात धार साडेबारा मिलिमीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तुम्ही एका तुकड्याला तापवतच नाही आहात, पाणी बीममधून वाहून जातंय आणि प्रत्येक तुकड्याला थोडीथोडी एनर्जी मिळतेय. हाच लेझर क्यू-स्विच करून १०० नॅनोसेकंदावर आणला तर धार फक्त ५ मायक्रॉन सरकते, आणि ओपीओच्या ७ नॅनोसेकंदात अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. नॅनोसेकंदाला धार जागच्या जागी उभी आहे असं समजून चालतं.

दुसरा प्रश्न उष्णता पसरण्याचा. पाण्यात उष्णता हळू पसरते, १ मायक्रॉनच्या थरातून बाहेर पडायला तिला साधारण २ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे नॅनोसेकंदाच्या पल्सला ही काळजी नाही. तिसरा प्रश्न मात्र जास्त नाजूक आहे, दाबाचा. पाणी पटकन तापलं की त्याला फुलायचं असतं, पण फुलण्याची बातमी आवाजाच्या वेगानेच पुढे जाते, सेकंदाला १५०० मीटर. १५ मायक्रॉनच्या धारेतून ती पलीकडे जायला १० नॅनोसेकंद लागतात. पल्स त्याच्या आत संपला तर पाणी आहे त्या जागेत कोंडलेलं राहतं आणि दाब चढतो, सुरुवातीला दर अंशामागे साधारण ५ बार आणि पाणी गरम होत जाईल तसा अजून वेगाने, म्हणजे शंभर-दीडशे अंशांतच हजार बारची गोष्ट होते. म्हणून २.७ ला ७ नॅनोसेकंदाचा पल्स १५ मायक्रॉनच्या धारेला छान बसतो. पण तुम्ही २.९४ वर अडून बसलात तर तापणारी साल १ मायक्रॉनची, तिला ०.७ नॅनोसेकंदच मिळतो, मग पिकोसेकंद लेझरच लागणार. ड्वेन मिलर यांच्या टोरंटो आणि हॅम्बुर्गच्या ग्रुपने पिकोसेकंद इन्फ्रारेड लेझरने शस्त्रक्रिया करण्यावर जे काम केलं ते याच मुद्द्यावर उभं आहे: बाँडच्या कंपनात टाकलेली एनर्जी पिकोसेकंदाच्या आसपासच उष्णता होते, पाणी स्वतःच सगळं घेऊन उडतं आणि शेजारच्या पेशींना भाजायला काही उरत नाही.

सीओटू लेझर चालेल का

हा प्रश्न येतोच कारण सीओटू लेझर स्वस्त आहे आणि बऱ्याच वर्कशॉपमध्ये पडलेला असतो. खोली १२ मायक्रॉन, म्हणजे कागदावर तर जुळणी मस्त. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कटिंगचा सीओटू मायक्रोसेकंदात किंवा सलग चालतो आणि त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. दुसरी फोकसची. ५० मिलिमीटरची लेन्स आणि ३ मिलिमीटर त्रिज्येचा बीम घेतला तर २.८ मायक्रॉनला ठिपका ३० मायक्रॉन येतो, पण १०.६ ला तोच ठिपका ११० मायक्रॉनच्या पुढे जातो, आणि १५ मायक्रॉनच्या धारेवर त्यातला सहावा हिस्साच पडतो. लहान पल्सचा सीओटू असेल तर सिलिंड्रिकल लेन्स लावून ठिपका धारेच्या दिशेने लांब आणि आडवा अरुंद करा, तरी थोडं वाया जाणारच.

धार बनवायची कशी

नळाची धार इथे उपयोगाची नाही. १५ मायक्रॉनचं क्वार्ट्झ नोझल, मागे एचपीएलसी पंप (केमिस्ट्रीच्या लॅबमधला जास्त दाबाचा पंप). ५० मीटर प्रति सेकंदाला फ्लो निघतो मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर. दाब नुसत्या वेगासाठी १२-१३ बार, आणि नोझलमधल्या घर्षणाचा वेगळा, तो नोझलच्या आकारावर ठरतो. पंपाचे धक्के शोषणारा पल्सेशन डँपर चालू हवा, नाहीतर धार लयीत जाड-बारीक होत राहते आणि प्रत्येक फोटो वेगळा येतो.

पाणी डीगॅस केलेलं, म्हणजे विरघळलेली हवा काढलेलं, आणि नोझलच्या आधी अर्ध्या मायक्रॉनचा फिल्टर, यात कंजूषी करू नका. नोझल चोंदलं की दिवस गेला. आणि एकदम शुद्ध पाणी वापरू नका, हे ऐकून नवीन मुलांना नवल वाटतं, पण शुद्ध पाणी बारीक नोझलमधून वेगाने गेलं की घर्षणाने धारेवर चार्ज बसतो आणि धार वाकडी जायला लागते. लिटरला काही मिलिमोल मीठ टाकलं की हा त्रास बराच कमी होतो.

धार नोझलमधून निघाली की साधारण ३-४ मिलिमीटर अखंड राहते, मग पृष्ठताणामुळे तिचे मणी पडतात, रेले आणि प्लॅटो यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलं तेच. म्हणून लेझर नोझलपासून १ ते २ मिलिमीटरवर मारा. त्याहून नोझलच्या जवळ गेलात तर उडालेलं पाणी नोझलच्या टोकाला चिकटतं, तिथे थेंब बसतो आणि धारच मोडते.

व्हॅक्यूम लागतो तो फक्त मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) जोडायचा असेल तर. गोटिंगेनमध्ये मानफ्रेड फाउबेल यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की धार १० मायक्रॉनच्या आसपास बारीक ठेवली तर द्रव पाणीसुद्धा व्हॅक्यूममध्ये नेता येतं, कारण आजूबाजूची वाफ इतकी विरळ राहते की रेणू एकमेकांना न धडकता निघून जातात. त्याच्यावर इन्फ्रारेड लेझर मारून पाण्यातली मोठी प्रथिनं न मोडता बाहेर काढण्याचं काम १९९० च्या दशकात फ्रँकफर्टमध्ये बर्नहार्ड ब्रुची यांच्या ग्रुपने केलं. या सगळ्या खटाटोपामागचं हे सगळ्यात सुंदर कारण आहे, पाणी स्वतः उडून जातं आणि त्यात बसलेला नाजूक रेणू अख्खा राहतो. तुम्हाला फक्त धार उडताना बघायची असेल तर साध्या हवेत करा.

ऑप्टिक्स आणि आपली हवा

साधी काच २.७ च्या पुढे उपयोगाची नाही, साध्या फ्यूज्ड सिलिकाला पण नेमकी २.७ लाच ओएचची (ऑक्सिजन-हायड्रोजन बाँडची) शोषणाची पट्टी आहे. कॅल्शियम फ्लोराइड किंवा सफायर घ्या. सीओटू असेल तर झिंक सेलेनाइड. मिठाच्या खिडक्या मुंबई-कोकणात जुलैमध्ये धुरकट होतात, त्या नादाला लागूच नका. आणि पावसाळ्यात अजून एक त्रास असतो जो परदेशी मॅन्युअलमध्ये सहसा लिहिलेला नसतो: हवेतली वाफसुद्धा २.६ ते २.८ च्या मध्ये जोरात शोषते, त्यामुळे मीटरभर मोकळ्या हवेतून बीम नेला तर कोरड्या दिवशी आणि दमट दिवशी एनर्जी वेगवेगळी पोचते. बीमचा रस्ता आखूड ठेवा, जमलं तर नळीत कोरडा नायट्रोजन सोडा, आणि एनर्जी लेझरच्या तोंडाशी न मोजता धारेच्या जागेवर पायरोइलेक्ट्रिक मीटर ठेवून मोजा.

बीम शोधायला थर्मल पेपर वापरा, पावतीचा चालतो, कमी एनर्जीवर काळा ठिपका उमटतो. १ मायक्रॉनच्या लेझरसाठी असतात ती चमकणारी कार्डं इथे काही दाखवत नाहीत. लाल अलाइनमेंट लेझर दिशा दाखवायला ठीक, पण त्याचा फोकस आणि इन्फ्रारेडचा फोकस एकाच जागी पडत नाही, लेन्स दोन्हीला वेगळी वाकवते. शेवटचं फोकसिंग धार उडते का ते बघूनच करायचं: एनर्जी कमी ठेवून लेन्स मायक्रोमीटरने पुढेमागे करा, जिथे सर्वात कमी एनर्जीला धार तुटते तो फोकस.

बघायचं कसं

कॅमेरा महाग नको, फ्लॅश लहान हवा. अंधार करा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवा, आणि धारेच्या मागून एकच छोटा फ्लॅश मारा. ५० मीटर प्रति सेकंदाला २० नॅनोसेकंदाच्या फ्लॅशमध्ये १ मायक्रॉनची धूसरता येते, २०० च्या एलईडीने १० मायक्रॉनची, म्हणजे अख्ख्या धारेच्या जाडीच्या जवळ. डिले जनरेटरने लेझर आणि फ्लॅशमधलं अंतर ०, ५०, १००, ३०० नॅनोसेकंद, १ मायक्रोसेकंद असं वाढवत न्या. न उडवलेली धार फोटोत दोन काळ्या कडा आणि मध्ये एक उजळ रेघ अशी दिसते, कारण गोल धार स्वतःच लेन्ससारखी वागते. पल्स पडला की आधी ती उजळ रेघ नाहीशी होते, मग तिथला भाग फुगतो, मग धुक्याचा ढग दोन्हीकडे शेकडो मीटर प्रति सेकंदाने सुटतो. मायक्रोसेकंदानंतर ढगापेक्षा उरलेल्या टोकांकडे बघा, मधल्या फटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पातळ शंकूच्या आकाराची फिल्म उघडते. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेत एक्स-रे लेझरने धार उडवली होती, त्याचे फोटो २०१६ मध्ये छापून आले, त्यात ह्या फिल्म फार स्पष्ट दिसतात.

ढग फक्त लेझरच्या बाजूला उडत असेल आणि मागची बाजू वाकून शाबूत असेल तर खोली कमी पडतेय, वेव्हलेंथ २.७ कडे न्या. ढगच नाही, नुसती धार तुटून मणी पडतायत, तर एनर्जी किंवा फोकस कमी. कधी उडते कधी नाही असं असेल तर बहुतेक वेळा लेझर नाही, धार हलतेय, पंप आणि एसीचा झोत बघा.

डोळे

१.४ मायक्रॉनच्या पुढचा लाइट रेटिनापर्यंत पोचत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. पोचत नाही कारण तो डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातच, कॉर्नियात, शोषला जातो, आणि कॉर्निया म्हणजे बहुतांश पाणीच. धारेचं जे होतं तेच तिथे होतं. गॉगलवर तुमची वेव्हलेंथ आणि ओडी (गॉगल लाइट किती अडवतो त्याचा आकडा) छापलेला हवा, एनडी-यागचा गॉगल चालणार नाही, आणि ओपीओला पंप करणारा १.०६ चा बीम पण खोलीत असतो त्यामुळे दोन्ही वेव्हलेंथ झाकणारा घ्या. नोझलच्या आसपासचं चकचकीत स्टील सगळ्यात धोकादायक, तिथून बीम कुठेही परावर्तित होतो, ते काळं करा किंवा झाका, आणि धारेच्या पलीकडे बीम ब्लॉक ठेवा कारण बाजूंनी निसटलेला आणि धारेतून आरपार आलेला मिळून निम्म्याच्या आसपास बीम पलीकडे येणारच आहे. जुनं स्किन क्लिनिकचं मशीन उघडून त्यातला लेझर काढू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतके चार्ज असू शकतात.

काम संपलं की आधी लेझर बंद, मग धार, या क्रमाने. पंप लगेच थांबवू नका, मिठाचं पाणी काढून दहा-पंधरा मिनिटं साधं शुद्ध पाणी चालवा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेव्हा लेझर बंदच आणि आसपास ठिणगी नको. धार चालू असतानाच नोझल बाहेर काढून टोक खाली धरा आणि मग पंप बंद करा, म्हणजे टोकाशी थेंब सुकून मिठाचा खडा बसणार नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच नोझल पुन्हा सरळ धार देईल.